भिंतीचं पोट

बाबांनी खालच्या दुकानातून कापड मोजायच्या गजाने छताला ठोकलं, म्हणजे चहा पाठवा, आणि अक्का तव्यावरची भाकरी उलटायला वाकली तेवढ्यात चूल खाली गेली. पडली असं मी म्हणणार नाही. गेली. आधी चूल, मग चुलीपुढचा मोठा दगड, आणि त्या दगडावर पाट टाकून बसलेली माझी थोरली बहीण, अक्का. ती ओरडलीसुद्धा नाही. तिची वेणी तेवढी मला वर उडालेली दिसली, मग वेणीही दिसेना. मी खिडकीपाशी लसूण सोलत होते. त्यानंतर धुराड्यातल्या विटा भिंतीच्या आतून घसरत आल्या आणि त्यांच्याबरोबर वर्षानुवर्षांची काजळी. खोली अशी काळी झाली की मला माझे हात दिसेनात. आवाज थांबला तेव्हा खालून एकाच बाईचं बोलणं ऐकू येत होतं, "मेरी चप्पल कहाँ गई? अरे, मेरी चप्पल?" ती गिऱ्हाईक होती. तिला काही लागलं नव्हतं.

आई मागच्या गॅलरीत होती. त्या दिवसांत ती बाजूला बसायची, चुलीला शिवायची नाही, म्हणून स्वयंपाकाला अक्का होती. एरवी त्या पाटावर आईच बसली असती. ती धावत दारात आली, तिने भोक पाहिलं, आणि पहिलं वाक्य बोलली ते मला. "विमल, हालू नको. जिथं हायस तिथंच बस." मग ती भिंतीला पाठ लावून, पायाने फळ्या चाचपत जिन्याकडे गेली. मी बसून राहिले. मांडीवरचा लसूण काळा झाला होता.

ते घर सदर बाजारात होतं. अजून आहे. जबलपुरात गोऱ्यांचे बंगले पुष्कळ, पण ते पसरलेले, पुढे व्हरांडा, भोवती आवार, माळ्याची खोली. हे घर तसं नव्हतं. रुंदीला दोन बैलगाड्या शेजारी उभ्या राहतील एवढं, आणि उंच मात्र ताडासारखं. दार सरळ रस्त्यावर उघडायचं. कोणी गोरा पलटणीला दारू आणि डबाबंद माल पुरवायचा, त्याला आपल्या गावच्या गल्लीतल्यासारखं घर पाहिजे होतं, म्हणून त्याने हे बांधलं, असं लोक सांगत. घर त्याने बांधलं, पण गल्ली कुठून आणणार? म्हणून दोन्ही बाजूंना दुसरी दुकानं येईपर्यंत ते म्हातारीच्या तोंडातल्या शेवटच्या दातासारखं एकटं उभं होतं. लोक त्याला चिमनीवाली कोठी म्हणत.

खिडक्या बाहेर उघडत नसत, वर सरकत. चौकटीच्या आत दोरीला लोखंडी वजनं टांगलेली, खिडकी वर गेली की वजन खाली येई. दोरी तुटली की खिडकी धाडकन खाली. एका खिडकीला आईने जुनं लाटणं लावून ठेवलं होतं. आमच्या खोलीच्या छताला मधोमध चुन्याचं मोठं फूल होतं, गोऱ्याचा दिवा तिथे टांगत असतील. पावसाळ्यात त्या फुलाची एखादी पाकळी पडायची आणि आई म्हणायची, "पूजा झाली." जिना लाकडी होता. पाचवी पायरी करकरायची, त्यामुळे कोण वर आलं ते आम्हाला आधीच कळे.

आणि भिंतीतल्या चुली, गोऱ्यांच्या थंडीत शेकायच्या. एक खाली दुकानात, बरोबर तिच्या डोक्यावर आमच्या खोलीत दुसरी, आणि दोन्हींचं मिळून वर एक धुराडं. एवढं सगळं सामावायला ती भिंत दोन्ही मजल्यांवर खोलीत पुढे आलेली होती, सातव्या महिन्यातल्या बाईसारखी. आई तिला भिंतीचं पोट म्हणायची, मग सगळेच म्हणायला लागले. खालच्या दुकानाचे मालक सेठजीसुद्धा. "मास्टर, वो पेट के पास वाला थान लाओ," असं ते कापडाचा तागा हवा असला की बाबांना सांगत.

सेठजींच्या वडिलांनी कोठी विकत घेऊन तिथे कापडाचं दुकान घातलं होतं. गोऱ्याच्या बैठकीत गादी आणि पांढरी चादर आली. रस्त्याकडची मोठी खिडकी काढून तिथे काचेची शोकेस बसवली. जेवणघरात धोतरजोड्यांची चळत. टोप्या टांगायच्या पितळी खुंट्यांवर ब्लाउजपीस लटकत. खालच्या चुलीत लक्ष्मी बसवली होती, पुढे संगमरवराची फळी, तिच्यावर उदबत्ती. माझे बाबा दुकानातले शिंपी. आम्ही मूळचे अमरावतीकडचे. आधी जबलपुरातच, घमापुरात मामाच्या शेजारी एका खोलीत राहायचो, जिथे नळावर रोज कोणाची तरी घागर फुटायची. रात्री दुकानावर नजर ठेवायला माणूस हवा म्हणून सेठजींनी आम्हाला वरच्या मजल्यावर राहायला जागा दिली. बाबांना त्याचा मोठा अभिमान. घमापुरात कोणी भेटलं की विचारण्याआधीच सांगायचे, "कोठीत राह्यतो आता."

आईने पहिल्याच आठवड्यात भिंतीतल्या चुलीत आपली मातीची चूल घातली. गोऱ्याची बायको जिथे पाय शेकत बसली असेल तिथे माझ्या आईने वांगी भाजली. धूर सरळ वर जायचा. मामी पाहायला आली आणि तोंडाला पदर लावून उभी राहिली.

"माय वं, धूर जाते कुठं?"

"साहेबाच्या पोटात," आई म्हणाली.

"डोळे नाई चुरचुरत?"

"नाई. तू ये इथं रडाले, तं मिरची आणावी लागन."

ज्वारीची भाकरी, सांडग्यांची भाजी, आंबट वरण, कधी झुणका, हे आमचं जेवण. रविवारी बाबा खोव्याची जलेबी आणत, काळी, जड, ती खाल्ली की दुपारी झोप यायची. आणि सगळा दिवस भिंतीतून मशीनचा आवाज येत राहायचा. खालच्या चुलीची धूर जायची नळी आमच्या चुलीला लागूनच वर जायची, तिच्यातून दुकान ऐकू येई. कान लावला की गिऱ्हाइकांची घासाघीस कळायची. अक्का त्यांच्या नकला करायची. "भैया, रंग तो नहीं जाएगा?" आणि मग सेठजींच्या आवाजात, "बहनजी, आप चली जाओगी, रंग नहीं जाएगा." बाबांना चहा हवा असला की ते त्या पोटावर गजाने ठोकायचे, आवाज आमच्या चुलीत यायचा. आईला ती पद्धत आवडायची नाही. "म्या काय भिंतीत राह्यतो का?" असं म्हणायची, पण आधण ठेवायची.

आता कोठीबाहेर पोरं फोटो काढतात. मागच्या वर्षी माझी नात मला तिथे घेऊन गेली, तिला लग्नासाठी घागरा घ्यायचा होता. म्हणाली, "आजी, हे हेरिटेज आहे. अंग्रेज लोग क्या बनाते थे ना!" बनवायचे, यात वाद नाही. पण कशावर काय उभं आहे, ते कोणाला सांगून गेले नाहीत.

बाबांचे डोळे उतरायला लागले होते. त्यांची मशीन जिन्याखाली, तिथे दिवसाही दिवा लावावा लागे. सुईत दोरा ओवायला ते अक्काला हाक मारत. एका वकिलाच्या कोटाची बाही त्यांनी उलटी लावली आणि वकील दुकानात सगळ्यांदेखत हात वर करून उभा राहिला. सेठजी चिडले नाहीत, तेच बाबांना जास्त लागलं. "मास्टर, दिवाली तक देख लेते हैं," एवढंच म्हणाले. त्याचा अर्थ आम्हा सगळ्यांना कळत होता. शिवण गेली की वरची खोली गेली. अक्काचं लग्न दिवाळीनंतर नागपूरला ठरलं होतं. पाहुणे तिला बघायला याच खोलीत आले होते आणि त्या चुन्याच्या फुलाकडे मान वर करून बघत बसले होते. घमापुरातल्या खोलीतून त्यांनी मुलगी मागितली असती असं बाबांना वाटत नव्हतं.

दुकानात सगळ्यात चांगला उजेड बाजूच्या खिडकीतून यायचा आणि तो पडायचा नेमका त्या पोटावर. बाबा किती दिवस ते बघत होते कोण जाणे. एका संध्याकाळी जेवताना म्हणाले, "सेठले सांगतलं आज. म्हटलं, हे पोट छाटून टाका. लक्ष्मी दुसरीकडं बसवा. आरसा लागन, जागा मोकळी होईन, आन् माही मशीन उजेडात बसन."

"भिंत छाटता?" आई म्हणाली. "अहो, भिंत म्हणजे काय सदरा हाय का?"

"काहून नाई? सदऱ्याले फुगवटा आला तं आपण काय करतो? आतून घेतो. फुगवट्यावर काई टिकत नाई, टिकते ते शिवणीवर. भिंत मागं सरळ हाय. हे नुसतं पुढं आलेलं हाय, अन् पोकळ हाय. पोकळ वस्तू काय धरून ठेवन?"

मी पुष्कळ वर्षं याचा विचार केला. शिंप्याला जिथे फुगवटा दिसतो तिथे त्याची कात्री जाते. बाबांनी आयुष्यभर लोकांची पोटं झाकली, खांदे सरळ केले, आणि कपडा कधी कोणाच्या अंगावर कोसळला नाही. आमच्यात भिंत म्हणजे मातीची, ती जिथे उभी तिथे उभी, एकीच्या डोक्यावर दुसरी नसते. चुलीवर चूल चढवलेली आम्ही कुठे पाहिली होती? मिस्त्री आला, त्याने बोटाने ठोकून पाहिलं आणि म्हणाला, "पोला है सेठजी. मास्टर ठीक कह रहे हैं." सेठजींनाही मोठा आरसा हवाच होता. कोणी कोणाला फसवलं नाही. सगळ्यांना एकच चूक पटली.

खालचं पोट फोडलं. विटा चांगल्या निघाल्या, मिस्त्रीच घेऊन गेला. संगमरवराची फळी सेठजींच्या घरी न्हाणीत गेली. वर जे भोक उरलं त्यावर फळ्या ठोकल्या, चुना मारला. वर आमचं पोट तसंच, फक्त आता त्याच्याखाली काही नव्हतं. बाबांची मशीन तिथे बसली. पहिल्या दिवशी त्यांनी आम्हा दोघींना खाली बोलावलं. सुई हातात धरली, दोरा ओला केला, आणि ओवला. कोणाला हाक न मारता. मग वर बघून म्हणाले, "बघ अक्के, तुही नोकरी गेली."

अक्का म्हणाली, "मंग चहाचीबी सोडतो."

त्यांच्या तोंडावर ऊन होतं. तेवढं खूश मी त्यांना परत पाहिलं नाही.

त्यानंतर भिंतीतून आवाज येईना. मशीन आता पायाखाली ऐकू यायची, चुलीपुढच्या दगडातून, अगदी जवळ. बाबा चहासाठी छताला गज मारायचे आणि आमच्या दगडाला ते जाणवायचं. भाकरीवर विटकरी भुकटी पडायला लागली. सगळे म्हणाले, लंगूर वर नाचत असतील, कोठीच्या कौलांवर ते असायचेच. मग वरण पातेल्यात एका बाजूला जमायला लागलं. आईने चुलीच्या एका अंगाखाली खापराचा तुकडा सारला. काही दिवसांनी अजून एक. अक्का म्हणायची, "चूल म्हातारी झाली, एका कुशीवर झोपते."

दगड आणि फळ्यांच्या मध्ये फट पडली होती. इकडे पांढरी माती मिळते, छुई म्हणतात, तिने चूल पोततात, म्हणजे सारवतात. आई दर शुक्रवारी चूल छुईने पोतायची, फटसुद्धा भरायची, आणि शुक्रवारी संध्याकाळी सगळं लग्नघरासारखं पांढरंशुभ्र दिसायचं. पुढच्या शुक्रवारपर्यंत फट परत उघडी. तिच्या स्वच्छपणाची घमापुरात कीर्ती होती. तिच्या चुलीत फट आहे, हे कोणी बघितलंच नाही, तिच्याशिवाय.

तिने बाबांना सांगितलं. मी तिथेच होते, हात धुऊन बसले होते.

"अहो, चूल वाकडी होऊन राह्यली. सेठले सांगा, मिस्त्रीले दाखवन."

बाबांनी घास खाली ठेवला. "आता नको."

"काहून?"

"मिस्त्री येईन, खाली टेका लावन, पोट परत बांधन. मंग माही मशीन कुठं जाईन? जिन्याखाली." त्यांनी घास परत उचलला. "दिवाळी जाऊ दे. पोरीचं होऊ दे. मंग म्या सोता सांगतो. तोवर तू कोणाले काई बोलू नको."

आई बोलली नाही. शुक्रवार आला, तिने छुई भिजवली.

दसरा होऊन गेला होता. दुकानात गर्दी, सकाळपासून मशीन चालू. पुढचं मी सुरुवातीलाच सांगितलं.

मला आईने बस म्हटलं होतं, पण मी उठले. भिंतीला धरून भोकापर्यंत गेले आणि खाली पाहिलं. काळ्या धुळीत एवढंच दिसलं की दगड अख्खा होता. तो गोऱ्याने बसवलेला जाड दगड, न तुटता, तिरका पडला होता, आणि अक्का त्याच्यावरच होती. एक पाय दगडाखाली वाकलेला. तिच्या आजूबाजूला निखारे, आणि निखाऱ्यांनी साड्या पेटायला लागल्या होत्या. रेशीम जळतं तेव्हा केस जळाल्यासारखा वास येतो. सोनार जरीसाठी जुन्या रेशमी साड्या जाळतात, त्या वासाने मी अजून त्यांच्या दुकानातही उभी राहत नाही, सराफ्यात गेले तर बाहेर थांबते.

सेठजी हातांनी विटा काढत होते. हे मी लिहिलंच पाहिजे. त्यांची नखं निघाली होती. "मास्टर! मास्टर, बोलो!" असं ते ओरडत होते. दुकानातली बाकीची माणसं माल बाहेर फेकत होती, सेठजींनी त्यांना शिव्या घातल्या, "माल छोड़ो, पत्थर उठाओ!" मग सगळ्यांनी मिळून दगड उचलला. आधी अक्काला काढलं. मग बाबा दिसले. हातात गज होता. मशीनवर वाकलेले असते तर कदाचित मशीनने थोडा मार झेलला असता, पण गज मारायला ते मागे रेलले होते, तोंड वर करून. आईने त्यांचं तोंड पदराने पुसलं. काजळी जात नव्हती. ती पुसत राहिली, शेवटी कोणीतरी तिचा हात धरला.

घमापुरात बायका पुष्कळ दिवस म्हणत होत्या, गज मारला म्हणून चूल पडली. मिस्त्रीही तेच म्हणाला. त्याला बरं पडलं. गजाने धुराडं पडत नाही. चौकशीला माणसं आली तेव्हा सेठजी म्हणाले, "मास्टर ने खुद कहा था, पेट निकाल दो." आई समोर उभी होती. तिने होकाराची मान हलवली. ते खरं होतं. खोटं असतं तर निदान भांडता आलं असतं.

आम्ही घमापुरात परतलो, मामाच्या शेजारी, त्याच नळावर. अक्काचा पाय वाकडा बसला, उजवा हात कोपरापर्यंत भाजलेला. नागपूरहून कोणी आलं नाही, निरोपही आला नाही. सेठजींनी बाबांची मशीन पाठवली. तिचं चाक वाकलं होतं, अक्काने ते ठोकून घेतलं आणि त्याच मशीनवर परकर शिवायला बसली. पुढे तिचं लग्न झालं, एका विधुराशी, माणूस चांगला होता. आईने त्या दिवसापासून बाजूला बसणं सोडलं. मामी एकदा कुजबुजली, "वन्सं, चार दिवस तरी..." आई म्हणाली, "माह्या चुलीपाशी मीच बसन. आता कोणी बोलायचं नाई."

अक्का त्या गोष्टीबद्दल एकदाच बोलली. आम्ही दोघी म्हाताऱ्या झालो होतो, माझ्या मुलाच्या विजय नगरच्या घरात गॅलरीत बसलो होतो. माझा मुलगा त्या वेळी हॉल आणि स्वयंपाकघराच्या मधली भिंत काढून घेत होता, इंजिनीअर कागद दाखवून सांगत होता की हिच्यावर काही नाही. अक्का आत बघत होती. मग म्हणाली, "बाबांच्या अंगावर म्या पडली."

मी म्हटलं, "दगड पडला. तू दगडावर होतीस."

"तेच तं," ती म्हणाली. मग तिने चहा मागितला.

भिंत काढली. काही झालं नाही. मी मात्र वरच्या मजल्यावरच्या बाईला विचारून आले, तुमची चूल कुठे आहे. गॅस आहे म्हणाली, आणि माझ्याकडे विचित्र बघत राहिली.

अक्का मागच्या थंडीत गेली, झोपेत, आपल्या पलंगावर. आई त्याच्या कितीतरी वर्षं आधी गेली. नातीबरोबर कोठीत गेले तेव्हा मी घागरे पाहिले नाहीत, मान वर करून छत पाहिलं. आता तिथे पांढऱ्या चौकोनी पट्ट्या आणि दिवे आहेत. बाजूची खिडकी काच लावून बंद केली आहे, आणि पोट होतं त्या जागी आरसा आहे, घागरा अंगाला लावून बघायला. नात म्हणाली, "आजी, इथे उभी राहा ना, उजेड चांगला आहे." मी राहिले नाही.

बाबा त्या जागी गेले. आई, अक्का आणि मी, आम्ही तिघी वाचलो.